टोचतंय कुठे, ते सांगा!

४ मार्च

परत उघडणार म्हणे! झालेली, मिटलेली, शिक्का मारून हातात दिलेली माझी आयकराची आकारणी — परत उघडणार! का? तर ‘उत्पन्न आकारणीतून सुटले असल्याचे मानण्यास कारण आहे.’ कसलं कारण? ते नाही लिहिलं. कारण आहे, पण सांगणार नाही. वा रे वा!

टपालवाला आला तेव्हा मी प्लास्टर कालवत होते. दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे. म्हणून पाकीट मेणवालीने फोडलं. (दातांच्या लॅबमध्ये आम्ही दोघीच — साचे आणि भट्टी माझ्याकडे, मेणात दात बसवायचं काम तिचं, म्हणून ती मेणवाली.) वाचता वाचता तिचा चेहरा असा उतरला की मला वाटलं कुणीतरी गेलं. "ताई, हे ते जुनंच आहे हो. लॅब काढली त्या वर्षाचं." मी तशाच हातांनी कागद हिसकावून घेतला. माझं वाचून होईस्तोवर वाटीतल्या प्लास्टरचा दगड झाला. वाटीसकट फेकून दिलं. चांगली रबरी वाटी!

त्या वर्षी काय कमी छळलं होतं? तो जुना अधिकारी — चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आवाज मऊ — पुन्हा पुन्हा बोलवायचा. भाड्याच्या पावत्या बघितल्या. भट्टीचं बिल बघितलं. "एवढे पैसे आणले कुठून?" हेही विचारलं. वडिलांनी दिले, म्हणाले मी. "तसं त्यांचं पत्र आणा." आणलं. त्याने ते माझ्यासमोर वाचलं, ओठ हलवत. "वडिलांनी दिलेत. ठीक आहे." झालं! पुढे हुकूमही आला हातात — दाखवलेलं उत्पन्न मान्य. मग आता कुठे माशी शिंकली?

५ मार्च

बाबांना सांगितलं. त्यांनी चहाचा कप बशीत ठेवला, तो नीट बसला की नाही ते बघितलं आणि म्हणाले, "भरून टाक काय मागतील ते."

भरून टाक! का म्हणून? चोरी केलीय का मी? जन्मभर वाचनालयात नोकरी केली या माणसाने. पुस्तक उशिरा आणलं म्हणून शेजाऱ्यालाही दंड सोडला नाही. आणि लेकीने मात्र न केलेल्या गुन्ह्याचा दंड मुकाट्याने भरायचा! "बाबा, पैसे तुम्ही दिलेत. तुमच्या सहीचं पत्र आहे. मी का भरू?" बाबा कानातलं यंत्र चाचपायला लागले. ते यंत्र नको त्या वेळी बरोबर बंद पडतं.

७ मार्च

करसल्लागाराकडे जाऊन आले. याला मी मनातल्या मनात शांतोबा म्हणते, कारण याचं प्रत्येक वाक्य ‘शांतपणे घ्या’पासून सुरू होतं. घराला आग लागली तरी बंबवाल्यांना म्हणेल, शांतपणे घ्या. पण आज माणूस कामाचं बोलला.

"एकदा पुरी झालेली आकारणी उठसूट उघडता येत नाही. खुर्चीत नवं माणूस आलं, त्याला तेच कागद वेगळे दिसले — चालत नाही. मत बदललं हे कारण नव्हे. तेव्हा समोर नव्हतं असं काहीतरी नवं हाती लागायला हवं. त्यालाही मुदत असते. आणि काय हाती लागलं ते लिहून ठेवावं लागतं. आपण मागितलं की द्यावं लागतं."

"म्हणजे कवळीसारखंच की!" मी म्हणाले. तो बघतच राहिला. मग त्याला समजावलं. माणसाच्या तोंडात कवळी बसली, त्याने आरशात बघितलं, हसला, पैसे देऊन घरी गेला. काम संपलं. नंतर दातांच्या डॉक्टरीणबाईंनी ती परत पाठवली तर सोबत चिठ्ठी असते — खाली, डावीकडे, मागच्या दाढेजवळ टोचतंय. नेमक्या जागी शाईची खूण असते. तेवढंच मी घासते. ‘पुन्हा बघितली, आता आवडत नाही’ म्हणून कुणी पाठवली तर दारातूनच परत करीन! टोचतंय कुठे, ते सांगा!

शांतोबा पोट हलेपर्यंत हसला. "हेच लिहू अर्जात. जरा वेगळ्या शब्दांत."

मग मात्र त्याने कॅल्क्युलेटर ओढला. बाबांनी दिलेली रक्कम माझंच लपवलेलं उत्पन्न धरली तर त्यावर कर, इतक्या वर्षांचं व्याज, वर दंड. आकडा कागदावर लिहून कागद माझ्याकडे फिरवला. तो आकडा मी इथे लिहिणार नाही. भट्टी विकली तरी भागायचं नाही. आणि भट्टी गेली की लॅब गेली. मेणवाली कुठे जाईल? तिच्या घरात कमावणारी ती एकटी.

११ मार्च

कारणांची प्रत मागायचा अर्ज द्यायला गेले. आयकर कार्यालयाचा जिना अर्धा नवा, अर्धा जुना, आणि मधल्या पायरीवर सगळेच ठेचकाळतात. रोज ठेचकाळतात, कुणी दुरुस्त करत नाही. खिडकीतल्या बाईने माझ्याकडे न बघता बोट दाखवलं. "त्या पेटीत टाका."

"पोच?"

"पेटीतल्या अर्जाला पोच मिळत नाही."

"मग मी पेटीत टाकणार नाही."

मागची रांग कुरकुरायला लागली. एक गृहस्थ म्हणाले, "अहो बाई, टाका आणि सुटा." मी त्यांना म्हटलं, तुम्ही टाका आणि सुटा, मी सुटलेलीच होते, यांनीच परत धरून आणलंय! रांगेत हशा पिकला. खिडकीतल्या बाईने शेवटी शिक्का उचलला आणि असा आपटला की शाई माझ्या बाहीवर उडाली. उडू दे. पोच मिळाली.

मेणवालीने बाहीवरचा डाग बघून विचारलं, "मारामारी करून आलात का काय?" जवळजवळ, म्हणाले.

१५ मार्च

कारणं आली नाहीत. कारण असतं तर आलं असतं!

बाबा हल्ली फोन घेऊन गॅलरीत जातात. दार लावून घेतात. कुणाशी बोलता विचारलं तर म्हणे, "वाचनालयातला जुना सहकारी." त्या सहकाऱ्याला मरून किती वर्षं झाली ते विसरले वाटतं. म्हातारपण!

१९ मार्च

तातडीची कवळी द्यायला कालव्यापलीकडच्या दवाखान्यात जावं लागलं. त्या रस्त्याने मी जात नाही. आज रिक्षावाला तिकडूनच वळला.

आईचं घर. दाराला निळा रंग दिलाय. खिडकीत कुणाची तरी सायकल उभी. आई त्या खिडकीत बसून शिवणाचे वर्ग घ्यायची. मुली ओट्यावर बसून काजं करायच्या. आता सायकल! रिक्षावाल्याला म्हटलं, थांबू नकोस. तो थांबलाच नव्हता.

घर कागदोपत्री दादाच्या नावावर. सोयीचं पडेल म्हणून आईनेच करून ठेवलं होतं. पण घर दोघांचं, हे तिने दोघांनाही सांगितलं होतं. ती गेल्यावर मी दादाला म्हटलं, पुढची खोली मला लॅबला दे. "भिंतींना ओल आहे," म्हणाला. "भट्टीचा भार तिथल्या वायरी घेणार नाहीत." तेव्हा बँकेनेही मला कर्ज नाकारलेलं. एवढं सगळं माहीत असून त्याने घर विकलं. मला न विचारता! आणि मला कळलं त्याच संध्याकाळी तोंड वर करून भेटायला आला. दारातच गाठला त्याला. जे तोंडाला आलं ते बोलले. आईला विकून खाल्लंस, म्हणाले. त्या पैशाला मी चिमट्यानेसुद्धा शिवणार नाही, म्हणाले. निघून गेला. तेव्हापासून त्याचं तोंड बघितलेलं नाही.

आणि त्याच्यावाचून काही अडलं नाही माझं. बाबांनी आपली पुंजी काढून दिली, लॅब उभी राहिली. भावाच्या एका दमडीशिवाय! हे मी ज्याला त्याला सांगते. उद्याही सांगेन.

२२ मार्च

कारणं आली! एका परिच्छेदाची कारणं. ‘अन्य एका करदात्याच्या चौकशीत मिळालेल्या माहितीवरून असे दिसते की, वडिलांकडून मिळाल्याचे दाखवलेली रक्कम वडिलांची नव्हती.’ बस्. करदात्याचं नाव नाही.

शांतोबाने चष्मा काढून पुसला. "शांतपणे घ्या. पण हे नवं आहे. तेव्हाच्या साहेबांपुढे हे नव्हतं. मत बदललं असं म्हणायची सोय राहिली नाही आपल्याला."

नवं कसलं? खोटं आहे ते! कुणीही उठावं आणि माझ्याविरुद्ध काहीही ओकावं, की झालं नवं? कोण हा अन्य करदाता?

घरी येईपर्यंत मला कळलं होतं कोण. बाबांनी किती दिले, कसे दिले, हा आतला हिशोब माहीत असणारी माणसं किती? मी, बाबा, शांतोबा. आणि बाबांच्या पोटात काही राहत नाही, तेव्हा चौथा — दादा! दुसरं कोण? स्वतः आईचं घर फुंकून बसला. माझी लॅब चालते हे बघवलं नाही. सख्खा भाऊ! शेजाऱ्याने केलं असतं तर एक वेळ समजले असते, शेजाऱ्यांचं कामच ते.

दातओठ खाऊन काही उपयोग नाही. पण खातेय.

२३ मार्च

वहिनीला फोन केला. दादाला नाही, त्याच्याशी मी बोलत नाही.

पहिली पाच मिनिटं मीच बोलले. कुळी काढली. वहिनी ऐकत होती. मागे कुकरसारखं काहीतरी वाजत होतं, तेही तिने बंद केलं. मग म्हणाली, "वन्सं, आधी खाली बसा. उभ्याने बोलताय ते कळतंय मला."

"त्याने सांगितलं की नाही, एवढंच सांग."

"त्यांना विचारलं, त्यांनी सांगितलं. साहेबाच्या पुढ्यात बसून खोटं कसं बोलणार माणूस?"

म्हणजे कबूल! वर मलाच शिकवते — "आणि वन्सं, एकदा बाबांना विचारा ना. नीट बसून विचारा." बाबांना काय विचारायचं? बाबांनी दिले ते बाबांना विचारायचं? मी फोन ठेवला.

२४ मार्च

तरी विचारलं. जेवताना. "दादा म्हणतो, पैसे तुमचे नव्हतेच."

बाबांनी पावाचा तुकडा हातातच धरून ठेवला. "त्याच्यावर ओरडू नकोस," म्हणाले. एवढंच! मुलगी भिकेला लागतेय आणि यांना काळजी काय, तर मुलावर कुणी ओरडू नये. मुलगा तो मुलगाच शेवटी. मी ताट घेऊन उठले.

यांची औषधं मी आणते. यांचे डोळे मी तपासून आणले. त्यांच्या कवळीचे दात मी स्वतः बसवले, एकेक निवडून, तरुणपणच्या फोटोत बघून. आणि बाजू घेणार त्याची.

२६ मार्च

आज नाक कापलं गेलं. एक म्हातारं जोडपं, दोघांच्याही कवळ्या एकाच आठवड्यात. मी रागाच्या भरात साच्यांच्या जोड्या लावल्या, त्या उलट्यासुलट्या. आजोबांच्या वरच्या साच्यासमोर आजींचा खालचा. मेणवालीने माझ्यावर विश्वास ठेवून तसेच दात बसवले. डॉक्टरीणबाईंचा फोन — "अहो, हिरडीवर दोन्ही छान बसतायत, पण वरचे दात खालच्यांना भेटतच नाहीत! आजोबांना तोंड मिटवेना, आजींना उघडवेना. दोघं एकमेकांकडे बघून हसतायत, ते तेवढं बरं."

परत आल्या दोन्ही. सोबत चिठ्ठी. काय चुकलं, कुठे चुकलं, सगळं लिहिलेलं. मी काय बोलणार? उघडलं, काढलं, पुन्हा बसवलं. चूक होती, परत पाठवणं बरोबर होतं. मी काय, कधीच काही परत पाठवू नका म्हणतेय का? माझं म्हणणं इतकंच, की खरं कारण दाखवा. कुणाच्या पोटातली जळजळ म्हणजे कारण नव्हे.

मेणवाली म्हणाली, "ताई, तुमचा राग माझ्या मेणात ओतू नका. वितळतं ते." मग दोघी हसलो. बऱ्याच दिवसांनी.

२ एप्रिल

शांतोबाने मुदत मोजून बघितली. नोटीस मुदतीच्या आत निघालीय — जेमतेम, पण आत. तिथेही काही हाती लागत नाही. "उरला एकच रस्ता. वडिलांनी शपथेवर सांगायचं की पैसे त्यांचेच होते, पगारातून, निवृत्तीच्या रकमेतून साठवलेले. मग त्या ‘अन्य करदात्या’चं तोंड आपोआप बंद." कागद टंकून दिला. फक्त सही हवी.

बाबांपुढे ठेवला. "अक्षर फार बारीक आहे."

चष्मा दिला. "उद्या बघतो."

५ एप्रिल

उद्या, उद्या! सही करायला काय लागतं? कागद बिस्किटांच्या डब्याखाली ठेवलाय. रोज डबा उचलतात, बिस्किट घेतात, डबा परत ठेवतात.

आज ओरडले मी त्यांच्यावर. म्हणाले, तुम्हाला मी हवी आहे की तो? ते म्हणाले, "हा काय प्रश्न झाला?" मग गॅलरीत गेले. या वेळी फोन न घेता. कठड्याला धरून उभे होते. पाठ किती वाकलीय.

मला वाईट वाटलं. पण माझं काय चुकलं? जे खरं आहे त्याच्यावर सही मागतेय.

९ एप्रिल

आता बाबांनाही समन्स. जातीने हजर राहायचं. त्या जिन्यावरून, त्या वयात! शांतोबा म्हणतो, एका परीने बरंच. समोर बसून सांगितलं की वजन पडतं. सहीपेक्षा बरं.

बाबांना वाचून दाखवलं. मला वाटलं घाबरतील. नाही. म्हणाले, "माझा निळा शर्ट इस्त्रीला टाक." लग्नाला निघाल्यासारखं.

१२ एप्रिल

मेणवालीने कुठेतरी दुसरीकडे नोकरीचं विचारलं असावं. फोनवर बोलता बोलता मला बघून गप्प झाली.   दुपारभर दोघी खाली मान घालून काम करत होतो. भट्टी तापत होती, तिच्या पंख्याचा तेवढा आवाज. ही भट्टी आली त्या दिवशी मी तिच्या पत्र्यावर हात फिरवून बघितला होता. बाबा शेजारी उभे होते. डोळ्यांत पाणी आणून म्हणाले होते, "तुझ्या आईला दिसायला हवं होतं." असला माणूस खोटं बोलेल? कुठला मूर्ख म्हणतो पैसे त्यांचे नव्हते!

१६ एप्रिल

 अक्षर बघा कसं आलंय.

सुनावणी. अधिकारी म्हणजे एक बाई, माझ्याहून लहान. टेबलावर काच, काचेखाली कुणा लहान पोराने काढलेलं जहाजाचं चित्र. मला तिचा राग यायला हवा होता, पण तिने बाबांना आधी बसायला सांगितलं, पंखा त्यांच्यावर येत होता तो बंद करायला लावला. असल्या माणसांवर धड चिडताही येत नाही.

मी सुरुवात केली. तेव्हा बघितलं होतं, विचारलं होतं, मान्य केलं होतं. मग आता का? बाई शेवटपर्यंत ऐकत होत्या. "तुमचं बरोबर आहे," म्हणाल्या. "माझं मत बदललं एवढंच असतं, तर मला हात लावायचा अधिकार नव्हता. पण एका माणसाने स्वतःच्या चौकशीत काही सांगितलंय. बँकेतून ते जुळतंय. न विचारता सोडलं तर माझी चूक होईल." मग बाबांकडे वळल्या. जुनं पत्र काढलं. "आजोबा, ही सही तुमची?"

"माझीच."

"आणि रक्कम?"

शांतोबाने माझ्याकडे बघून हलकेच मान हलवली, आता झालंच, अशी. बाबांनी कानातलं यंत्र नीट केलं. बाईंकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "तेव्हा एकदा सही केली. परत नाही करायची मला." आणि मग बाईंना — "पैसे माझे नव्हते हो."

 शांतोबासुद्धा शांतपणे घ्या म्हणाला नाही.

"मग कुणाचे होते?" बाईंनी विचारलं. मला वाटतं त्यांना माहीत होतं. पण विचारावं लागतं.

"आधी हिला सांगतो. घरी. मग तुम्ही म्हणाल ते लिहून देतो."

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. "परवा या," म्हणाल्या. त्या जहाजाच्या चित्राकडे बघत होत्या, आमच्याकडे नाही.

रिक्षात बाबा डोळे मिटून बसले. मी रिक्षावाल्यावर ओरडले, सुट्ट्या पैशांवरून. घरी आल्यावर बाबा म्हणाले, दमलोय, जरा पडू दे, उद्या सकाळी सांगतो. उद्या! पुन्हा उद्या!

मग कुणाचे? कर्ज काढलं होतं का यांनी? कुणाकडे हात पसरले? इतकी वर्षं मी छाती काढून सांगत आले — बापाने दिलं, स्वतः उभं केलं, कुणाची मिंधी नाही. आणि हा माणूस शेजारी उभा राहून ऐकत होता! मला वेड्यात काढलं सगळ्यांनी. माझ्याच लॅबमध्ये मी कुणाची पाहुणी म्हणून काम करत होते, हेही मला माहीत नाही. संध्याकाळी लॅबमध्ये मेणवालीने चहा करून दिला. तिला काही सांगितलं नाही. काय सांगू? मलाच माहीत नाही. बाबांची मला इतकी चीड आयुष्यात कधी आली नव्हती.

१८ एप्रिल

दादाचे. आईच्या घराचे. सगळेच्या सगळे.

घर माझ्यासाठीच विकलं होतं. त्या संध्याकाळी माझ्या नावाचा चेक घेऊन आला होता. मी बोलूच दिलं नाही. मग दुसरा चेक बाबांच्या नावाने लिहिला. "तुमचे म्हणून द्या," म्हणाला, "माझे म्हटलं तर फाडून टाकेल." आता त्याची स्वतःची चौकशी निघाली. घराचे पैसे कुठे गेले विचारलं, त्याने खरं ते सांगितलं.

कार्यालयात लिहून दिलं — रक्कम भावाकडून मिळाली. बाई म्हणाल्या, घर विकल्याचा कर त्याने तेव्हाच भरलाय, आणि भावाने दिलेल्या रकमेवर तुम्हाला काही लागत नाही.

लॅबमध्ये येऊन दादाकडे फोन लावला. त्यानेच उचलला. "कोण बोलतंय?" म्हणाला.

नाव सांगावं लागलं मला.